पाचवं नाव

आमच्या घरात माणसाचं नाव विसरणं हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा तुराटीने व्हायची. तुरी झोडपून झाल्या की वाळलेल्या काड्यांचा भारा माय चुलीसाठी भिंतीला लावून ठेवी. त्यातली एक बारीकशी काडी निवडून आबा मला समोर बसवायचे. "बाजारात चिंचेखाली टोपली घेऊन बसती ती बाई कोन?" मी सांगायची. "तिचा नवरा?" तेही सांगायची. "सासरा?" इथे अडखळले की पोटरीवर सपकन बसायची. तुराटीने कातडी फुटत नाही, पण वळ दोन दिवस राहतो आणि परकराखाली तो कुणाला दिसत नाही. माय तिकडे भाकरी थापत असायची. ती सहसा मध्ये पडत नसे. एकदा पडली तेव्हा तिच्याही दंडावर एक बसली, आणि त्या गडबडीत तव्यावरची भाकरी करपली म्हणून आणखी एक. हे वाचून मी बापाची बदनामी करते आहे असं आमच्या भावकीतल्या काहींना वाटेल. वाटू दे. ते वाईट होते असं मला म्हणायचं नाही आणि चांगले होते असं म्हणायची तर मुळीच घाई नाही.

आबा गावचे कोतवाल होते. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावरचं. कोतवालाने चावडी झाडायची, दवंडी द्यायची आणि तालुक्याहून साहेब आला की त्याच्या पुढे चालून हव्या त्या माणसासमोर त्याला उभं करायचं. साहेबाला गावातली सगळी धोतरं सारखीच दिसत. कोतवालाने बोट दाखवून म्हणायचं, हा तो, मग पुढचं सुरू व्हायचं. आबांना शाळा नव्हती, पण गावातला एकूणएक माणूस बापाच्या आणि आज्याच्या नावासकट पाठ होता. त्यांचे दोन्ही डोळे आतून दुधाळ होऊ लागले तेव्हा त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. चेहरा न दिसणारा कोतवाल कोण ठेवून घेणार? मग एके दिवशी त्यांनी समन्स भलत्याच माणसाच्या हातात दिलं. फौजदाराने चावडीसमोर, भर गावात, त्यांच्या कमरेत लाथ घातली. मी त्यांची भाकरी घेऊन तिथेच उभी होते. आबा उठले, धोतर झटकलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चुकलं साहेब." घरी येऊन त्यांनी मला समोर बसवलं ते त्याच संध्याकाळी.

तेव्हापासून मी त्यांचे डोळे झाले. शाळा सुटली की मी त्यांच्या एक पाऊल मागे, मान खाली घालून चालायची आणि ओठ फारसे न हलवता पुटपुटायची, "समोरून सर्जेराव." लगेच आबा खणखणीत आवाजात म्हणायचे, "रामराम सर्जेराव, निघाले का बाजाराला?" लोक म्हणत, कोतवालाची नजर म्हणजे घारीची नजर. मला मनातून हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा, हे कबूल करायला हवं. नावं पाठ करायची आबांची एक पद्धत होती. सुटं नाव ते शिकवत नसत. गल्लीवार, ओळीने, एकामागे एक अशी ती ओवून द्यायची, म्हणजे पहिलं उचललं की पुढची आपोआप हातात येतात. मारुतीच्या मागच्या गल्लीची ओळ होती रंगनाथ, भगवान, सर्जेराव, उत्तम, अंकुश. ते पाचजण तसे फिरायचेही एकत्र, बाजारात, पारावर, कुणाच्या लग्नात. त्यामुळे रंगनाथ दिसला की बाकीचे चौघे मी न बघताच सांगून मोकळी व्हायची, आणि ते मागे असायचेच. पुढे मास्तरीण झाल्यावर मी तीस वर्षं हजेरीपट न उघडता हजेरी घेतली ती याच पद्धतीने. आता जालन्यात टक्कल पडलेले माझे विद्यार्थी रस्त्यात अडवून विचारतात, "बाई, ओळखलं का?" मी त्यांचं नाव सांगते, बापाचं सांगते, कोणत्या रांगेत बसायचा तेही सांगते. ते वाकून पाया पडतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो. त्यांची त्यात काही चूक नसते.

माझा भाऊ मिलिंद माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याने तुराटी कधी खाल्ली नाही, कारण तो आबांसमोर बसायलाच तयार नव्हता. "शांते, लोकांची नावं पाठ करून काय भेटतं गं?" तो म्हणायचा. "आपलं नाव सात-बाऱ्यावर पाह्यजे." ओढ्याच्या अंगाला गायरानाचा एक खडकाळ तुकडा होता. दोन उन्हाळे त्याने आणि मायने त्यातले दगड वेचले. तिसऱ्या वर्षी ज्वारी पेरली आणि ती अशी आली की माय रोज संध्याकाळी उगाचच तिकडे चक्कर मारून यायची. त्या दिवसांत आमच्या घरात फार चांगला वास असे. माय येसराची आमटी करायची, मिलिंद बाजारातून माझ्यासाठी गोडीशेव आणायचा आणि जेवताना आबांच्या दवंडीच्या आवाजाची नक्कल करायचा. आबाही हसायचे. आम्ही धर्म बदलला होता, पण गावाने आपलं वागणं बदललं नव्हतं. आमच्या माणसाने गायरान कसावं हे मारुतीमागच्या गल्लीला रुचणारं नव्हतं. रंगनाथने पारावरून मिलिंदला सुनावलं होतं, "गायरान गुरांचं हाय." मिलिंद म्हणाला, "गुरांच्या नावावर असंल तर उतारा दाखव." हसणारे हसले, पण रंगनाथ हसला नाही.

विळे घेऊन ज्वारी सोंगायला सुरुवात केली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ऊन नुकतं तापायला लागलं होतं. माय आणि मी सोंगत होतो, मिलिंद पेंढ्या बांधत होता आणि आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. गुरांच्या घंट्या ऐकू आल्या, पुष्कळ घंट्या. आबांनी मान न वळवता विचारलं, "कोन येतंय?" मी वर पाहिलं. पुढे रंगनाथ, खांद्यावर कुऱ्हाड. त्याच्या बाजूला भगवान. सर्जेराव आणि उत्तम काठ्या घेऊन बांध चढत होते. त्यांच्यामागे गुरं, गुरांमागे धूळ, आणि धुळीत डोक्याला गमजा बांधलेला एकजण मागे फिरलेलं वासरू वळवत पाठमोरा उभा होता. मी एका दमात म्हणाले, "रंगनाथ, भगवान, सर्जेराव, उत्तम, अंकुश."

आबा उठून उभे राहिले. "रामराम रंगनाथ," ते म्हणाले, अगदी रोजच्यासारखं. रंगनाथने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोतवाल, पोराला बाजूला घे. गुरं सोडायची हायत." मिलिंद हातात विळा घेऊन गुरांच्या आडवा झाला. भगवानची काठी त्याच्या खांद्यावर बसली, विळा खाली पडला, आणि तो वाकून तो उचलायला गेला तेव्हा रंगनाथने कुऱ्हाड चालवली. पहिला घाव मानेच्या खाली, दुसरा कोपरावर. ओल्या लाकडावर बसावा तसा आवाज झाला. मिलिंद ओरडला नाही, त्याने फक्त आपल्या हाताकडे पाहिलं. माय धावली. सर्जेरावने तिच्या डोक्यात काठी घातली आणि ती पेंढ्यांवर बसल्यासारखी बसली; केसांतून रक्त कपाळावर आलं तरी ती बसूनच होती, आणि मग आडवी झाली. उत्तमने माझ्या पाठीत हाणली. मी तोंडावर पडले, ज्वारीची धसकटं तळहातात शिरली. आबांवरही काठ्या पडत होत्या. ते डोक्यावर हात धरून जागच्या जागी गोल फिरत होते आणि ओरडत होते, "कोन मारतंय? शांते, कोन मारून राह्यलं?" मी जमिनीवर पडल्या पडल्या त्यांना नावं सांगत होते. माझ्या भावाचा खून होत होता आणि मी माझं रोजचं काम करत होते. रंगनाथ, भगवान, सर्जेराव, उत्तम, अंकुश. किती वेळा म्हटलं कोण जाणे. गुरं उभ्या ज्वारीत शिरली होती आणि ताटं मोडल्याचा कडकड आवाज येत होता.

आबांनी पोलिसांना पाच नावं दिली, बापाच्या नावासकट. फौजदार म्हणाला, अशी फिर्याद रोज मिळत नाही. मिलिंदला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, माय त्याच्याशेजारच्या खोलीत बेशुद्ध होती. चौघे दुसऱ्याच दिवशी सापडले. अंकुश तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायाने गावात आला, कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाची पुडी. त्याला चावडीसमोर धरलं. आबांना बोलावलं आणि आबांमागे मी. "कोतवाल, हाच का?" आबांनी माझ्या दंडाला धरलं. मी हळूच म्हणाले, "हाच." ते खरंच होतं, समोर उभा होता तो अंकुशच होता. आबा मोठ्याने म्हणाले, "हाच, साहेब."

मग त्याला मारायला लागले. आधी पट्ट्याने, मग काठीने तळव्यांवर, मग एका शिपायाने दोन्ही हातांनी त्याच्या कानांवर ठोसे मारले. कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली. गाव बघत होतं. अंकुश पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मी राजूरला गेल्तो साहेब. चतुर्थी व्हती. गणपतीला गेल्तो." फौजदाराने विचारलं, "कुणी पाहिलं तुला तिथं? नाव सांग एखादं." अंकुश रडत म्हणाला, "राजूरला मला कोन वळखतंय, साहेब? एवढी मानसं व्हती." मी डोळे मिटले आणि शेतातला तो क्षण पुन्हा समोर आणला. मला असं करता येतं, चित्र उघडून बघावं तसं. रंगनाथचा चेहरा होता, भगवानचा होता, सर्जेरावच्या मिशीला लागलेला भुसादेखील दिसत होता, उत्तम होता. पाचव्याच्या जागी पाठ आणि गमजा. तोंड नव्हतं. ओळीतलं पाचवं नाव मी ओळीतलं म्हणून म्हटलं होतं.

दवाखान्यात जायला आम्ही दुसऱ्या दिवशी जालन्याला उतरलो तेव्हा स्टँडवर मी आबांना सांगितलं. "आबा, अंकुशचं तोंड मी पाह्यलं न्हाई. चौघांमागून आपोआप आलं." आबांनी मला तिथेच, माणसांत, थोबाडीत मारली, एक, दोन, तीन. शेंगा विकणारी एक म्हातारी म्हणाली, "कामून मारता हो लेकराला?" आबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला खांबाशी नेऊन ते दबक्या आवाजात बोलू लागले. "ध्यानात ठेव. तू पाच पाह्यले. एक नाव मागं घेतलं की वकील म्हनंल, पोरगी एक खोटं बोलती तर चारी खोटेच. माय तर काही सांगायच्या हालतीत न्हाई. अन् मला दिसत न्हाई हे निघालं तर माझ्या जबानीला कोन इचारतंय? मंग मिलिंदला कोनं मारलं? कोन्हीच न्हाई मारलं." एवढं बोलून ते खांबाला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. विसरले म्हणून त्यांनी मला शेकडो वेळा मारलं होतं. न पाहिलेलं लक्षात ठेव म्हणून मारलं ते त्या दिवशीच. आम्ही दवाखान्यात पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मिलिंद गेला.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. माय बरी झाली, पण त्या सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. सोंगायला बसले इथपर्यंत सगळं होतं आणि पुढे एकदम दवाखान्याचं छत. ती रोज दिवेलागणीला आम्हाला वंदनेला बसवायची. जबानीच्या आदल्या दिवशी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बंद पडला. माय म्हणाली, "घसा बसला का?" मी हो म्हटलं. तिने मला गूळ घालून आल्याचा काढा दिला आणि मी तो प्यायले. आजवर मी पुष्कळ गोष्टी पचवल्या, तो काढा मात्र अजून घशात आहे.

कोर्टात मला एक बाकडं देऊन बाहेर बसवलं होतं. आबांची जबानी आधी झाली. उजेड त्यांच्या बाजूने होता, की त्यांनी सगळ्यांच्या आवाजावर निभावून नेलं, ते मला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मग मला बोलावलं. पाचही जण एका ओळीत उभे होते. अंकुश शेवटी. त्याने कानामागे तळहाताचा द्रोण धरला होता आणि मान पुढे काढली होती, मी काय बोलते ते ऐकू यावं म्हणून. मी पाचही नावं सांगितली. त्यांच्या वकिलाने विचारलं, "एवढ्या धुळीत, एवढ्या गोंधळात पाच माणसं एका लहान मुलीच्या लक्षात राहतात? बरं, इथे सकाळपासून तू कुणाकुणाला पाहिलंस, सांग बघू." मी सांगितलं. बाकड्यावर बसून हाका ऐकल्या होत्या त्यावरून पट्टेवाल्याचं नाव, त्याला हाक मारणाऱ्या कारकुनाचं नाव, टाइप करणाऱ्या बाईंचं, वकिलाबरोबर आलेल्या त्याच्या दोन्ही सहायकांचं, आणि कोण दाराच्या कुठल्या बाजूला उभं होतं तेही. लोक हसले. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग वकील म्हणाला, "अंकुशचं तोंड तू पाहिलंस?" मी म्हणाले, "पाहिलं." त्याने पुन्हा विचारलं नाही. माझं खोटं खरं ठरलं ते माझ्या हुशारीमुळे. अंकुशने शेजारच्या उत्तमला कोपराने ढोसून विचारलं, "काय म्हनली?" उत्तमने त्याला सांगितलं नाही.

पाचही जणांना जन्मठेप झाली. रंगनाथ जाताना शिव्या देत होता, आईवरून, जातीवरून. त्या शिव्यांनी मला बरंच वाटलं, कारण त्याच्या बाबतीत मी खरं बोलले होते. आबा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "बराबर सांगितलं." त्यानंतर त्यांनी मला कधी मारलं नाही. तिसऱ्या वर्षी गावात बातमी आली की अंकुश तुरुंगातच तापाने गेला. त्याची बायको तान्ह्या पोरीला घेऊन आधीच माहेरी निघून गेली होती. गुरं वळवणारा तो पाचवा कोण होता ते मला आजही माहीत नाही. रंगनाथचा सालगडी असावा असं काहीजण म्हणत, तो त्या दिवसानंतर गावात दिसला नव्हता. हे सगळं लिहायला मी आबा आणि माय जाण्याची वाट पाहिली. त्यात धीर कसला, तो भित्रेपणाच. चौघांना शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि मी खरं बोलले असते तर ते गुलाल उधळत परत आले असते, हेही मी विसरत नाही. पण ही गोष्ट मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की तिचा आता काही उपयोग होत नाही.

मी शिक्षिका झाले आणि दोन-तीन गावं फिरून केदारखेड्याच्या पलीकडे एका दोनखोल्यांच्या शाळेवर माझी बदली झाली. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडला आणि पाचव्या ओळीवर बोट थांबलं. कावेरी अंकुश, आणि पुढे ते आडनाव. एक काटकुळी मुलगी उठून उभी राहिली आणि हजर म्हणाली. मला हजेरीपटाची गरजच नव्हती, कपाळ त्याचं होतं आणि नाकापाशी जुळलेल्या भुवयाही त्याच्याच होत्या. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव येतं, त्यामुळे दोन वर्षं रोज सकाळी मला ते नाव उच्चारावं लागलं, आणि रोज कुणीतरी हजर म्हणत असे.

एकदा दुपारच्या सुट्टीत मी ओट्यावर डबा खात बसले होते. कावेरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, तुमी पिंपळगावाकडच्या ना? मामी म्हनली." मी हो म्हटलं. "माझ्या बापाचं गाव तिकडंच हाय. तुमी त्याला पाह्यलं व्हतं का? आमच्यापाशी त्याचा फोटू न्हाई. मला त्याचं तोंड ध्यानात न्हाई." मी भाकरीचा घास डब्यात परत ठेवला. मग मी तिला तिच्या बापाचा चेहरा सांगितला. कपाळ, भुवया, हनुवटीवर डाव्या बाजूला वस्तऱ्याची जुनी खूण, हसताना आधी एक गाल वर जायचा ते, चालताना हात मागे बांधायचा ते, गमजा कधीच न बांधता उघड्या डोक्याने उन्हात फिरायचा ते. हे शेवटचं माझ्याच तोंडून निघालं आणि मला ऐकू आलं. ती स्वतःच्या कपाळावरून, हनुवटीवरून बोट फिरवत ऐकत होती. सुट्टी संपल्याची घंटा द्यायची वेळ होऊन गेली होती. "बाई," ती म्हणाली, "त्यानं खरंच त्या मानसाला मारलं का? मामा म्हनतो, तो तिथं नव्हताच."

तिच्या डोळ्यांकडे बघत मी म्हणाले, "मी तेव्हा लहान होते गं. मला आठवत नाही."

कावेरीने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. ती घंटा द्यायला गेली.